भात कशात शिजवलाय ते आधी विचारा

डॅलसशेजारी अर्व्हिंगला राहतो. इथल्या हायवेलगतच्या एका टेक्स-मेक्स (टेक्सासच्या धाटणीचं मेक्सिकन जेवण) चेनमध्ये गेल्या शनिवारी आईला घेऊन गेलो. नाव देत नाही, कारण खाली जी तक्रार आहे ती एकट्या त्यांचीच असेल असं वाटत नाही. आई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलीय. माळकरी आहे.

दारातच काचेमागं टॉर्टियाचं यंत्र. पिठाचा गोळा दाबला जातो, तव्यावरून गोल फिरत फुगतो आणि खाली टोपलीत पडतो. आई पाच मिनिटं हलेना. मग निकाल दिला, "मैद्याच्या आहेत. पदर सुटत नाहीत."

बसलो तोच गरम चिप्स आणि साल्सा आला. "आपण कुठं मागितलं? बिलात लावतील बघ." इथं ते फुकट असतं, संपलं की परत आणतात, हे तिला दुसरी टोपली आल्यावरच पटलं. साल्सा मात्र झकास. टोमॅटो भाजलेला, वर कोथिंबीर, लिंबू, मिरचीचा नेमका झणका. "ह्यात जिरं आहे," आई म्हणाली. बरोबरच आहे, टेक्सासकडच्या या जेवणात जिरं सढळ हातानं पडतं, खुद्द मेक्सिकोत एवढं घालत नाहीत.

व्हेज फहिता 17 डॉलरला. (आईनं लगेच रुपये केले आणि गप्प बसली.) बिडाचा तवा चरचरत आला की आजूबाजूची चार टेबलं वळून बघतात. ढोबळी मिरची, कांदा, मश्रूम, कडेनं करपलेलं सगळं. फार आवडलं. फहिता म्हणजे मुळात गाईच्या पोटाकडच्या मांसाची पट्टी, 'फाहा' म्हणजे पट्टा, त्यावरून नाव पडलं. हे मी टेबलावर काढलं नाही.

आता तक्रार. ऑर्डर देतानाच विचारलं होतं, भातात मीट नाही ना? पोरगा म्हणाला, अजिबात नाही. आईचे दोन घास झाले आणि मला तो भात जरा जास्तच चवदार लागला. मॅनेजरला बोलावलं, भात शिजवता कशात? चिकन ब्रॉथमध्ये, म्हणजे कोंबडी उकळलेल्या पाण्यात. आईनं चमचा ठेवला आणि चूळ भरायला उठून गेली. एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. त्यांनी भाताचे पैसे कापले, माफीही मागितली. पोरगा तसा खोटं बोलला नव्हता, मांसाचा तुकडा खरंच नव्हता. मीच प्रश्न चुकीचा विचारला. तेव्हा शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी नीट विचाराव्यात: भात कसल्या पाण्यात शिजवलाय, आणि रिफ्राइड बीन्समध्ये (शिजवून घोटलेल्या राजम्यासारख्या बियांमध्ये) लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, आहे का.

ग्वाकामोले, म्हणजे अवोकाडोची चटणी, अळणी. त्याचे वेगळे पैसे द्यावेत असं काही नाही.

फहिता आणि साल्सासाठी मी पुन्हा जाईन. आई येणार नाही म्हणते. पण उरलेल्या चार टॉर्टिया तिनं फॉइलमध्ये बांधून घेतल्याच. सकाळी त्यांचा कुस्करा करायला बसली. अर्धा तास हातानं ओढून ओढून शेवटी कात्री मागितली.