फिल्टर बदलल्यावर स्टार्ट न होणारी गाडी: आडगावच्या पंप-नोझलवाल्या मिस्त्रींचा अनुभव

रेटिंग ५ पैकी साडेचार, आणि अर्धा का कापला ते खाली सांगतो. नाशिकला आडगाव नाक्याच्या पुढे मुंबई-आग्रा हायवेला लागून एक छोटं दुकान आहे, बोर्डवर नाव नाही, नुसतं "डिझेल पंप-नोझल" एवढंच. डिझेल लाइनचं काम केल्यावर ज्यांची गाडी सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही त्यांनी कुणालाही पंप खोलू द्यायच्या आधी एकदा इथे दाखवा, असं मी मनापासून सांगतोय.

आपली गाडी सहा चाकी ट्रक, २०१८ ची, म्हणजे बीएस फोर (धुराच्या प्रदूषणाचा नियम), कॉमन रेल, म्हणजे पंप एका सामाईक नळीत, रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून ते इंजेक्टरना जातं. दुसऱ्या एका गॅरेजला रूटीन सर्व्हिसिंग केलं, दोन्ही डिझेल फिल्टर (मेन, आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा खालचा सेपरेटर) बदलले, सेपरेटरची वाटी साफ केली, गाडी स्टार्ट झाली, गेटच्या बाहेर आली आणि रस्त्यातच खोकत खोकत बंद पडली. परत स्टार्टच होईना. टोमॅटोचा सीझन, पिंपळगावला माल भरायला थांबलेला, आणि गॅरेजवाल्याने बॅटऱ्या उतरेपर्यंत सेल्फ मारला, मग एअर क्लीनरच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रे मारला आणि शेवटी म्हणाला पंप गेला, खोलावा लागेल, खर्च पन्नास हजारांच्या पुढे. जी गाडी सकाळपर्यंत लोड घेऊन घाट चढत होती तिचा पंप फिल्टर बदलताना कसा जाईल, हे त्याला विचारलं तर उत्तर नाही.

आमचे ड्रायव्हर तात्या म्हणाले आडगावच्या मिस्त्रींना फोन लावा. फोन काही पटकन उचलत नाहीत (अर्धा पॉइंट इथेच गेला), पण उचलल्यावर "शेठ, आता सेल्फ मारू नका, मी येईपर्यंत कुणालाच हात लावू देऊ नका" एवढं बोलले आणि पोऱ्याला बाइकवर मागे बसवून आले.

आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. आधी बॅटऱ्या. चोवीस व्होल्टची गाडी, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं तर ईसीएमच (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) झोपतं आणि मग डिझेल कितीही चांगलं येऊ दे, गाडी घेत नाही. म्हणून स्वतःच्या बॅटऱ्या जोडल्या, मग स्कॅनर लावला आणि फक्त रेल प्रेशर बघितलं. कॉमन रेलला सेल्फवर साधारण २०० बारच्या आसपास तरी प्रेशर यावं लागतं, त्याच्या खाली ईसीएम इंजेक्टरला उघडायला सांगतच नाही. आपलं साठ-सत्तरवर लटकत होतं. गॅरेजवाल्याने हाच आकडा बघून पंपावर बोट ठेवलं असणार. मिस्त्री म्हणाले, "प्रेशर नाही म्हणजे पंप गेलाच असं नाय शेठ, पंपाला खायलाच मिळत नसेल तर तो काय बनवणार?"

मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) आत जाणाऱ्या लाइनमध्ये हातभर पारदर्शक पाइप टाकला आणि तात्यांना सेल्फ मारायला सांगितलं, तेही दहा-पंधरा सेकंदच, मग मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फची वाइंडिंग जळते. पाइपात डिझेल येत होतं पण त्यात बुडबुडे, एकामागे एक, साबूदाण्याएवढे. म्हणजे एअर घेतेय. पण कुठून? बाहेर डिझेलचा एक थेंब नाही, सगळं कोरडं. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून लिहितो: टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन सक्शनवर चालते, पंप डिझेल ओढत असतो, त्यामुळे तिथे बारीक फट असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, आणि लीक शोधणारा माणूस बाहेरून फडकं फिरवत बसतो.

त्यांनी फटी शोधल्या नाहीत, लाइनचा एकेक भाग वेगळा करून तपासला. आधी टाकीकडून येणारा पाइप सेपरेटरपाशी काढून डब्यातलं डिझेल दिलं, बुडबुडे तसेच, म्हणजे टाकी, टाकीतली जाळी, चेसिसवरचा पाइप सगळं ओके. मग सेपरेटर बाजूला ठेवून डबा थेट फीड पंपाला जोडला, मेन फिल्टर मात्र लाइनमध्येच ठेवला कारण डब्यातलं डिझेल गाळल्याशिवाय पंपात जाऊ द्यायचं नाही. हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत मारला, सेल्फ दिला, पाइप स्वच्छ काचेसारखा, स्कॅनरवर प्रेशर तीनशेच्या वर आणि गाडी धडाधड स्टार्ट. पन्नास हजाराचा पंप तिथल्या तिथे निर्दोष सुटला!

राहिला सेपरेटर. वाटीच्या खाली पाण्याचा सेन्सर असतो, तो जुन्या फिल्टरमधून काढून नव्याला लावतात. त्याची ओ-रिंग (रबराचं गोल सील) नवीन टाकायची असते, इथे जुनीच दाबून बसवलेली. मिस्त्रींनी ती माझ्या तळहातावर ठेवली. एका बाजूने चपटी झालेली आणि आट्यात अडकून नखाएवढा तुकडा चिरलेला, बोटाने वाकवली की चीर उघडायची. किंमत किती असेल, वीस-तीस रुपये. ती बदलली, बाजूच्या बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) कॉपर वॉशरही बदलले कारण ते एकदा दबले की परत नीट बसत नाहीत.

अजून एक गोष्ट त्यांनी न सांगता केली. गॅरेजवाल्याच्या पोराने मेन फिल्टर लावताना त्यात कॅनमधून डिझेल भरलं होतं हे तात्यांनी सांगितल्यावर मिस्त्रींनी तो फिल्टर उतरवून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून बघितला, काही कण नव्हते म्हणून परत लावला. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची असते, मेन फिल्टरच्या मधल्या भोकात न गाळलेलं डिझेल ओतलं की कचरा सरळ पंपात आणि नोझलमध्ये. रिकामाच लावायचा आणि प्रायमरने भरायचा. स्प्रेचं ऐकून तर ते चिडलेच, इनटेकला हीटर असलेल्या इंजिनात स्प्रे पेटला तर समोर उभ्या माणसाचं तोंड भाजतं.

माझ्या चुलतभावाकडे जुनी मेकॅनिकल पंपवाली गाडी आहे, तो तिथे आला होता आणि नोझलच्या पाइपाचे नट ढिले करून एअर काढू म्हणत होता. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. जुन्या गाडीला ती पद्धत बरोबर आहे, एकेक नट ढिला करा, सेल्फ मारा, डिझेल उडालं की आवळा. पण कॉमन रेलला चालू इंजिनवर तिथे प्रेशर हजार बारच्या वरही जातं, ती धार कातडीतून आत घुसते, डोळ्याला दिसतही नाही. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस फोर आलं आणि २०२० ला बीएस सिक्स, रस्त्यावरच्या बहुतेक नव्या गाड्या आता याच सिस्टीमच्या, तरी हायवेवर अजून अर्धे लोक जुन्याच सवयीने पाना लावतात, आणि यात कुणाचा तरी हात जायचा याची मला खरंच काळजी वाटते.

बिल: येण्याचे आणि तपासणीचे मिळून १५०० आणि ओ-रिंग-वॉशरचे किरकोळ. काम छोटं निघालं म्हणून पैसे वाढवले नाहीत, आणि पार्ट छोटा म्हणून मीही घासाघीस केली नाही, शोधून काढण्याचेच पैसे असतात ते.

कमी काय, तर फोन, पक्कं बिल मिळत नाही म्हणजे जीएसटी लावणाऱ्यांना अडचण, आणि दुकानासमोर दहा चाकी उभी करायला जागा नाही, सर्व्हिस रोडला लावून चालत जावं लागतं. बीएस सिक्सचं युरिया-सायलेन्सरचं (धूर साफ करणारी सिस्टीम) काम ते घेत नाहीत, तसं आधीच सांगतात.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर पंपाच्या टेबलावर बसले की उठत नाहीत. आणि काढलेले जुने फिल्टर फेकू नका, सोबत घेऊन जा, ते पहिल्यांदा तेच मागतात.