70,999 रुपयांचा दात आणि न मिळालेलं स्टिकर

हे लिहायला मला आठ महिने लागले, कारण लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा संताप जास्त आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसात गंगापूर रोडवर स्कूटी घसरली आणि वरचा पटाशीचा दात गेला. मी शिक्षिका आहे. दिवसभर चाळीस मुलांसमोर बोलायचं आणि हसू आलं की तोंडावर हात धरायचा. त्यातच वैशाखात भाचीचं लग्न ठरलं. अशा वेळी आमच्या सोसायटीत मोफत दंत तपासणी शिबिर लागलं. फलकावर मोठ्या अक्षरात, ‘इम्प्लांट फक्त ₹14,999’. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

14,999 फक्त स्क्रूचे. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, 2,500. हाड पातळ झालंय म्हणून हाडाची भर 12,000. स्क्रू आणि कॅप जोडणारं अबटमेंट 8,000. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची कॅप, म्हणजे वर दिसणारा दात, 14,000. तात्पुरता दात 3,500. आणि ‘ताई, समोरचा दात आहे, स्वस्तातलं नका घालू, परदेशी कंपनीचं घ्या’ म्हणून वर आणखी 16,000. एकूण 70,999. त्यातले 10,999 मी यूपीआयने दिले. उरलेल्या 60,000 चं कर्ज तिथल्या मुलीने माझ्याच मोबाईलवरून, माझाच ओटीपी विचारून दहा मिनिटांत काढलं. दरमहा 5,000, बारा हप्ते, बिनव्याजी. ते 60,000 उपचार सुरू होण्याआधीच क्लिनिकच्या खात्यात जमा झाले. म्हणजे पुढे माझ्या दाताचं काही झालं तरी त्यांचं काहीच अडणार नव्हतं. उपचाराचे पैसे टप्प्याटप्प्याने द्या. आधी सगळे मागत असतील तर उठून या.

मला कळायला हवं होतं तो क्षण रोज आठवतो. खुर्चीत आडवी होते, भूल चढली होती, आणि मदतनीस मुलीने स्टीलच्या ट्रेमधून चिमट्याने स्क्रू उचलला. उघडा. ना डबी, ना सील. इम्प्लांट निर्जंतुक सीलबंद डबीत येतो, ती रुग्णासमोर फोडतात आणि तिच्यावरचं कंपनी, माप व लॉट नंबर असलेलं स्टिकर एक फाईलला आणि एक रुग्णाला देतात. हे मला माहीत होतं! आदल्या रात्री वाचलं होतं. तोंडात गॉज होता तरी मी बोट दाखवून विचारलं. डॉक्टर म्हणाले, ‘स्टिकर फाईलला लावलंय मॅडम, शेवटी कार्डासोबत देऊ.’ मी मान हलवली. मी एमएस्सी आहे, वीस वर्षं विज्ञान शिकवते, आणि मी मान हलवली. पण भूल दिलेली, हिरडी उघडलेली बाई खुर्चीतून उठून जाईल का?

शिबिरात मला तपासणारे डॉक्टर वेगळे होते, स्क्रू बसवणारे वेगळे. दुसऱ्यांचं नाव पावतीवर नाही, नोंदणी क्रमांक तर नाहीच. पावतीवर फक्त ‘दंत उपचार’. स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. माझ्या स्क्रूवर सहाव्या आठवड्यात कायमची कॅप बसवली. लग्न आहे ना, म्हणून. घाई मला होती, मान्य आहे. पण नाही म्हणायचं काम डॉक्टरांचं होतं.

लग्नातले फोटो छान आले. सातव्या महिन्यात दात हलायला लागला, हिरडीतून पू येऊ लागला. क्लिनिक म्हणालं, ‘तुम्ही नीट ब्रश करत नाही.’ नंतर फोनही उचलेनात. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जुना स्कॅन मागितला, मी फिल्म दिली. तो साधा ओपीजी, म्हणजे जबड्याचा सपाट एक्स-रे निघाला, सीबीसीटी कधी केलाच नव्हता. नव्या स्कॅनमध्ये 12,000 च्या हाडाची खूणही दिसली नाही. स्क्रू कुठल्या कंपनीचा ते त्यांनाही सांगता येईना. तो काढायचे 4,000 गेले, आणि आता मी 2,500 ची काढघाल कवळी लावते.

पोलीस ठाण्यात अंमलदार म्हणाले, पैशांचा वाद दिवाणी आहे, आणि निष्काळजीपणा म्हणत असाल तर आधी तज्ज्ञांचा अहवाल आणा. अहवाल कुणाकडून? ‘ते तुम्ही बघा.’ दंत परिषदेला कळवलं, तर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्या म्हणे. तोच तर पावतीवर नाही! कर्ज देणारी कंपनी म्हणते, उपचाराशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल स्कोअर खराब होईल. मग मी हप्ते भरतच राहिले. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, क्लिनिकने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, एवढं बरं आहे. कायद्यात समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लावायचा म्हटलंय. मला आत्तापर्यंत चार तारखा मिळाल्यात आणि चारही वेळा समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. प्रत्येक तारखेला माझी एक किरकोळ रजा जाते.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, बसू नका. ओटीपी सांगण्याआधी कर्जाचा कागद वाचा. स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्या. आणि स्टिकर हातात आल्याशिवाय तोंड उघडू नका.

त्या शिबिरात आमच्या सोसायटीतल्या आणखी चौघींनी नावं दिली होती. दोघी पावत्या घेऊन माझ्यासोबत यायला तयार आहेत. तिसरीची कॅप दोनदा पडलीय, तरी म्हणते, लोक काय म्हणतील. चौथी दारच उघडत नाही. रविवारी मी पुन्हा या उरलेल्या दोघींकडे जाणार आहे.