फ्लेक्स छपाई: रंग झकास, मजकूर रामभरोसे

तालुक्याच्या बाजारपेठेत मिळणारी फ्लेक्स छपाई वेग आणि रंग या दोन्ही बाबतींत उत्तम. सकाळी मजकूर दिला की संध्याकाळी दहा बाय पाचचा फलक चौकटीसकट तयार. घोळ होतो तो अक्षरांत.

त्याचं मूळ दुकानातल्या संगणकात आहे. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि श्रीलिपीच्या वळणाचे, युनिकोडच्या आधीचे जुने फॉन्ट अजून अनेक ठिकाणी चालतात. व्हॉट्सॲपवरून आलेला युनिकोड (म्हणजे आजच्या मोबाइल-संगणकांवर चालणाऱ्या सामाईक अक्षरपद्धतीतला) मजकूर तिथे चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर येते, रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात. मग ऑपरेटर सगळं नव्याने टाइप करतो आणि ‘शुभेच्या’, ‘आशिर्वाद’, ‘सुचना’, ‘श्रध्दांजली’ अवतरतात. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मोबाइलवर येतं, पण त्यात तपासला जातो तो साहेबांचा फोटो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे इंकस्केप या चित्रं-डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहून, त्याचं ‘पाथ’मध्ये रूपांतर करून पीडीएफ देणं. मग अक्षरं चित्र होतात, फॉन्टचा प्रश्न उरत नाही. ते जमत नसेल तर प्रूफ झूम करून शब्दन् शब्द वाचा, नावं दोनदा.

मांडणीत दुकानदाराच्या हौसेला आवर घाला. अक्षराला दुहेरी कडा दिली की ‘ष’चं पोट बुजतं आणि तो ‘प’ दिसतो. ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. साधारण दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर हवं, म्हणजे पन्नास फुटांवरून वाचायचा मजकूर पाच इंची. दर चौरस फुटावर असल्याने गिऱ्हाईक त्याच जागेत शब्द कोंबत जातं. ‘येथे वाहने उभी करण्यास सक्त मनाई असून उल्लंघन केल्यास कारवाई करण्यात येईल’ एवढं गाडीवरून कोण वाचणार? ‘फाटकासमोर गाडी लावू नका’ पुरतं.

दुकानाची पाटी असेल तर २०२२च्या कायदादुरुस्तीप्रमाणे मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. हे डिझाइन करण्याआधीच सांगा, नंतर नावं दाटीवाटीने बसवली जातात.

आणि चारही बाजूंना तीन इंच कोरे सोडायला लावा. नाहीतर फ्लेक्स चौकटीवर दुमडताना शेवटची ओळ मागे जाते, आणि फोन नंबर नेमका तिथेच असतो.