४,५०० ची शिकवणी, ३८,००० चं पुस्तक

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. आठ शनिवारांचा कथालेखनाचा वर्ग जरूर लावा. त्याच लोकांचं पुस्तक काढून देण्याचं पॅकेज घेऊ नका. मी दोन्ही घेतलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण करारातल्या एका शब्दावरून आमचं बोलणं अजून चालू आहे.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं ऑपरेटर होते. १९७९ ला लागले, तेव्हा बडोद्यात ट्रंक बोर्ड होता, म्हणजे परगावचे फोन आम्ही हातानं जोडून द्यायचो. कानाला हेडफोन, समोर कॉर्डांची रांग. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसतं, पण लाइन नीट लागली की नाही हे बघायला थोडं ऐकावंच लागतं, आणि थोडं ऐकलं की पुढचं आपोआप कानात शिरतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा माल अडकला, सगळं तीन-तीन मिनिटांच्या हिशोबात. निवृत्तीनंतर वह्या भरायला लागले. अकरा कथा झाल्या. दोन मंडळाच्या स्मरणिकेत आल्या, आणि त्या कुणी वाचल्या असतील तर मला तरी सांगितलं नाही.

२०१८ ला साहित्य संमेलन बडोद्यात झालं तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांवर दोन-तीन प्रकाशकांना भीत भीत विचारलं होतं. नवीन लेखक आणि त्यात कथासंग्रह म्हटल्यावर ते हसून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांचाही धंदा आहे, राग नाही. पण वर्गाची जाहिरात दिसली तेव्हा हेच डोक्यात होतं.

वर्ग दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी आणि इतका अरुंद की उतरणारा आला की चढणाऱ्यानं मागं फिरायचं. आम्ही नऊ जण. दोन कॉलेजच्या मुली, एक औषध कंपनीत शिफ्ट करणारा मुलगा, एक निवृत्त मास्तर ज्यांना शिवरायांखेरीज कशावरच लिहायचं नव्हतं, आणि असेच बाकीचे. शिकवणाऱ्या ताई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला काकू म्हणायच्या.

पहिल्या शनिवारी मी माझी आवडती कथा वाचली. रात्रपाळीच्या ऑपरेटरची. सुरुवातीला सुरसागर तळ्यावरची पहाट, कोवळी किरणं, पाखरांची किलबिल, देवळातली घंटा. अडीच पानं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “काकू, फोन कधी वाजतो?”

“तिसऱ्या पानावर.”

“मग तिसऱ्या पानापासून वाचा ना.”

घरी येऊन ह्यांना म्हटलं, पैसे पाण्यात गेले. दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली आणि त्या अडीच पानांत आपलं स्वतःचं असं काय आहे ते शोधायला बसले. एक वाक्य सापडलं. रात्रपाळीत कपातल्या चहावर साय धरायची आणि ती बाजूला करायलाही हात मोकळा नसायचा, एवढंच. ते ठेवलं. पाखरं उडाली.

तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ होता, फक्त संवादाचा प्रसंग, निवेदन शून्य. तो माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं. ट्रंक कॉलचंच लिहिलं. मुलगा मुंबईला, दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा, आई बडोद्यात.

“आई, ऐकू येतंय?”
“जेवलास?”
“बाबांना दे.”
“झोपलेत. जेवलास का ते सांग ने.”
“आई, तीनच मिनिटं आहेत.”
“हो ने, मग सांग की पटकन.”

ह्याच्याखाली मी लिहिलं होतं: वडील त्याच दुपारी गेले होते, पण माउलीच्या काळजाने ते मुलाला कळू दिले नाही. ताईंनी ती ओळ बोटानं झाकली आणि प्रसंग परत वाचायला लावला. औषध कंपनीतला मुलगा “झोपलेत” वर मान खाली घालून बसला. बोटाखालच्या ओळीचं काय करायचं ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

मास्तरांना तो “ने” खटकला. मराठीत असं नसतं म्हणाले. तो आपल्या “ना”सारखाच, गुजरातीतून आलेला आहे, मान्य, पण आमच्या घरात चार पिढ्या “बस ने”, “ये ने” असंच बोलतो. ताई म्हणाल्या, “ती बाई बडोद्याची आहे. तिच्या तोंडचा ने राहू दे. पुण्याच्या वाचकाला दोन पानांत सवय होईल.” हा ने लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

एकदा त्यांनी सगळ्यांना सेंट्रल लायब्ररीत नेलं. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणून राज्यभर जी वाचनालयं उभी केली, त्यातली ही मुख्य. लहानपणी मी तिथल्या काचेच्या जमिनीवर पाय ठेवायला घाबरायचे, वरच्या मजल्यावरच्यांच्या सावल्या खालून दिसायच्या. तिथं जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे काढून प्रत्येकानं वीस कथांचे फक्त पहिले परिच्छेद वाचायचे आणि पुढं वाचावंसं वाटलं का एवढंच लिहायचं. वीसपैकी माझे सात हो आले. त्या सातांत पहाट एकही नव्हती.

छापून येण्याबद्दल ताईंनी सांगितलं ते साधंच. दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर नवरात्रात पाठवून उपयोग नाही, तोवर पानं लागलेली असतात. आषाढाच्या आत पाठवा. अंक वाचल्याशिवाय त्याला कथा पाठवू नका. एक कथा एका वेळी एकाच संपादकाला. सोबतच्या पत्रात चार ओळी, आणि कथेत काय आहे ते त्यात समजावत बसू नका. मी तीन कथा तीन ठिकाणी पाठवल्या. एक साभार परत. एकाचं काहीच उत्तर नाही. ट्रंक कॉलची कथा घेतली. ऑक्टोबरात अंक पोस्टानं आला, मागोमाग ५०० रुपयांचा चेक. तो वठवायला मी महिना लावला.

वर्गाला पाचपैकी साडेचार. अर्धा जिन्याचा कापला.

आता पॅकेज. शेवटच्या शनिवारी संस्थेचा एक तरुण आला, ताई नव्हे, आणि चकचकीत पत्रक वाटून गेला. ३८,००० रुपयांत मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), १०० प्रती, ऑनलाइन विक्री आणि प्रकाशन समारंभ. चेकवर सही करताना ह्यांनी विचारलं होतं, “पैसे लेखकानं घ्यायचे की द्यायचे?” मी म्हटलं, तुम्हाला ह्यातलं कळत नाही.

पहिलं प्रूफ आलं. हिंचक्यावर बसून पहिलं पान वाचलं, “आईना फोन उचलला.” म्हटलं, छपाईची चूक. खाली “हाताना कॉर्ड ओढली.” पुढं “नाहमीप्रमाणे”, “अनाक वर्षे”, “रेल्वेना आला”. झालं होतं असं. संवादातला “ने” शुद्ध करायला मुद्रितशोधकानं समासात लिहिलं, ‘ने = ना, सर्वत्र’, आणि डीटीपी करणाऱ्या मुलानं ते सर्वत्र शब्दशः पाळलं. एका फटक्यात सगळे बदला. निवेदनातला प्रत्येक “ने” गेला, आणि ज्या “ने”साठी आम्ही एक अख्खा शनिवार भांडलो होतो तोही गेला. मी फोन केला तर तो मुलगा म्हणाला, “काकी, फाइल तर शुद्ध करूनच दिली आहे.” त्याची चूक निम्मीच. हस्तलिखित एकदा सलग वाचून बघायचं काम कुणाकडेच नव्हतं, पॅकेजमध्ये ते नव्हतंच. मुद्रितशोधन म्हणजे संपादन नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

शिवाय मी युनिकोडमध्ये दिलेली फाइल त्यांनी जुन्या फॉन्टमध्ये फिरवली, त्यात “दुसऱ्या”चं “दुसर्या” आणि “वाऱ्यावर”चं “वार्यावर”. १४४ पानं चार रात्री लाल पेनानं मीच तपासली. दुसऱ्या प्रूफनंतर दर फेरीला १,२०० जादा. तीन फेऱ्या झाल्या.

बिलात आयएसबीएनचे २,५०० वेगळे दाखवले होते. हा क्रमांक आपल्याकडे सरकार फुकट देतं. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःही करू शकतो. मी हे म्हटल्यावर उत्तर आलं, ते सर्व्हिस चार्ज आहेत. असतील. मग तसं लिहा.

चांगलं तेही सांगते. कागद ७० जीएसएमचा मॅपलिथो, पिवळसर, डोळ्यांना बरा. मुखपृष्ठ सुंदर, काळ्यावर एक कॉर्ड, बस. बांधणी मात्र माझ्या प्रतीची तिसऱ्या वाचनाला सुटली. समारंभात शाल, नारळ, कचोरी, आणि माझं आडनाव चुकवणारे पाहुणे. ऑनलाइन विक्री म्हणजे पुस्तक तिथं दिसतं. सात महिन्यांत एक प्रत गेली, नागपूरच्या पुतणीनं घेतली. निव्वळ उत्पन्नाचे ७० टक्के मला, ते झाले ३१ रुपये. दांडिया बाजारातल्याच एका छापखान्यात नंतर सहज विचारलं, तशाच १०० प्रतींचे त्यानं १६,००० सांगितले. पॅकेजला पाचपैकी दीड, तोही मुखपृष्ठ करणाऱ्या मुलीला.

राहिला करार. सही करताना मी रॉयल्टीचं कलम दोनदा वाचलं आणि त्याच्या वरचं वाचलंच नाही. त्यात होतं, सर्व भाषांतले व सर्व माध्यमांतले हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. भाचा वकील आहे, त्यानं कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम दाखवलं. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ती जागा कोरी असती तरी मी सुखात होते. त्यांनी आठवणीनं भरली होती. “मावशी, तू एकतीस वर्षं लोकांचं ऐकलंस आणि स्वतःचा कागद वाचला नाहीस?” म्हणाला. ह्यावर काय बोलणार.

“कायमस्वरूपी” काढून “३ वर्षे” आणि “फक्त मराठी, फक्त छापील” असं करून द्या, अशी मागणी रजिस्टर पत्रानं केली आहे. ताईंनी आपण होऊन संस्थेला वेगळं पत्र दिलं, त्यांची नोकरी तिथंच असूनही. संस्थेकडून फोन आला, “वरच्यांशी बोलून कळवतो.” त्याला आज तीन आठवडे झाले. दरम्यान जूनच्या तुकडीची नावनोंदणी सुरू झाली आहे आणि मी परत नाव घातलं आहे, वर्गासाठी. बारावी कथा अर्धी झाली आहे आणि तिच्यात फोन पहिल्याच ओळीत वाजतो, त्याचंही काहीतरी चुकतंय असं वाटतं.