एअर फिल्टर: शोरूमला, गॅरेजमध्ये की घरीच?

मागच्या वर्षी गाडीच्या सर्व्हिसिंगच्या बिलावर ‘एअर फिल्टर, १ नग’ (म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा) अशी ओळ होती आणि खाली लेबर वेगळं. महिन्याभराने सहज बॉनेट उघडून फिल्टरच्या बॉक्सच्या क्लिपा काढल्या, तर आत जुनाच फिल्टर. जुनाच कशावरून? आधीचा मीच घरी बसवला होता आणि त्याच्या रबरी कडेवर मार्करने तारीख लिहून ठेवली होती. ती तारीख माझ्याकडे बघत होती. तक्रार केल्यावर फिल्टर निमूट बदलून मिळाला, मुद्दाम केलं असंही मी म्हणत नाही. पण तेव्हापासून हे काम माझ्याकडेच.

तरी सगळ्यांनी घरीच करावं असं माझं म्हणणं नाही. गाडी वॉरंटीत असेल आणि सर्व्हिसिंगला जाणारच असेल, तर शोरूमलाच करून घ्या. कंपनीचा पार्ट, पक्कं बिल, उद्या इंजिनाचा काही वाद निघाला तर हातात कागद. लेबरचे चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यात. फक्त गाडी देतानाच सांगा, ‘जुना फिल्टर डिकीत टाकून ठेवा’. एवढं सांगितलं की काम होतंच.

ओळखीच्या गॅरेजमध्ये लेबर किरकोळ, कधी कधी तर चहावर भागतं. अडचण वेगळीच आहे. फिल्टर काढून दाखवला की मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, अजून चांगलाय, हवा मारून देतो.’ आणि टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची नळी फिल्टरच्या कागदाला टेकवून फर्रर्र. धूळ उडताना दिसते, आपल्यालाही बरं वाटतं. पण तो कागद आहे. एवढ्या दाबाने त्याचे तंतू फाकतात, डोळ्यांना दिसणार नाहीत अशी छिद्रं पडतात आणि मग धुळीला इंजिनपर्यंत वाट मोकळी. मळलेला फिल्टर परवडला, फाटका नको. गंमत म्हणजे थोडी धूळ बसलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक कण जास्त चांगले अडवतो, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी साफसफाई करण्यातही अर्थ नाही. फारच भरला असेल तर हलका झटका, नाहीतर सरळ नवा.

एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन ढोबळमानाने नऊ हजार लिटर हवा ओढतं. खडी-क्रशरचा रस्ता, मेट्रोचं खोदकाम किंवा मार्च-एप्रिलमधला मराठवाड्याचा फुफाटा आठवा आणि नऊ हजार लिटरचा हिशोब करा. ती धूळ आत गेली तर सिलिंडरच्या भिंती घासते, ऑइलमध्ये उतरते. डिझेल गाडीत त्याआधी टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर आदळते. बहुतेक मॅन्युअलमध्ये फिल्टर बदलायला ३० ते ४० हजार किलोमीटर दिलेले असतात, पण धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळी, कमी अंतराची ओळ असते. आपल्यातल्या अनेकांना लागू होते ती ही दुसरी ओळ.

आता घरी. छोट्या पेट्रोल गाडीचा फिल्टर साधारण २५० ते ५०० रुपयांत मिळतो. दुकानात, मग ते पुण्याच्या नाना पेठेतलं असो की तालुक्याच्या गावातलं, मॉडेलसोबत वर्ष आणि पेट्रोल की डिझेल हेही सांगा. आणि ‘इंजिनाचा’ हा शब्द विसरू नका, नाहीतर एसीचा केबिन फिल्टर हातात पडतो. तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे बसतो, हा बॉनेटखाली काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात.

इंजिन गार असू द्या. क्लिपा किंवा स्क्रू काढा आणि झाकण उचला. फिल्टर काढताना कोणती बाजू खाली होती ते बघा, मोबाइलवर एक फोटो काढलात तर उत्तम. डब्याच्या तळाशी वाळकी पानं, मेलेले किडे आणि गाडी झाडाखाली उभी असेल तर उंदराने जमवलेला कापूसही सापडतो. ओलसर फडक्याने पुसून घ्या. इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडात मात्र कचरा ढकलला जाऊ देऊ नका. नवा फिल्टर बसवून रबरी कडेवरून चारही बाजूंनी बोट फिरवा. कुठे उचललेली किंवा दुमडलेली लागली तर पुन्हा बसवा. झाकणाचे मागचे खाचे आधी अडकवायचे, मग पुढच्या क्लिपा. क्लिप जोर लावून बसत असेल तर फिल्टर नीट बसलेला नाही, असं समजा. पहिल्यांदा २० मिनिटं लागतात, नंतर दहा.

ॲव्हरेज वाढेल म्हणून बदलत असाल तर आधीच सांगतो, फरक दिसणार नाही. ती समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ साली हे तपासलं होतं. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो, त्यामुळे ॲव्हरेज जवळपास तेवढंच राहतं. पडतो तो पिकअप. घाटात गाडी भरलेली असताना ते कळतं.

धुऊन वापरायचे महागडे फिल्टर? रोजच्या गाडीला मी घेणार नाही. धुवा, पूर्ण वाळवा, मोजून तेल लावा. तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं. ज्यांना हा सोहळा आवडतो त्यांनी करावा.

काही गाड्यांमध्ये डब्यापर्यंत पोचायला सेन्सरचा प्लग आणि टर्बोचा पाइप काढावा लागतो, डिझेल एसयूव्हीत जास्त. तिथे हात न घालता मेकॅनिकला द्या, पण समोर उभं राहून. पावसात गाडी पाण्यातून गेली आणि बंद पडली, तर मात्र मेकॅनिक येईपर्यंत चावी फिरवू नका. आधी हा डबा उघडून बघा. फिल्टर ओला असेल तर पाणी आत गेलेलं असू शकतं आणि एका स्टार्टमध्ये पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग फिल्टरचा नाही, इंजिनाचा खर्च.