देशी झाडांची रोपवाटिका: करवंद डोळे झाकून घ्या, खैर पिशवी बघून

बावधन, पाषाण, कात्रज या बाजूला डोंगरउतारावरची बाग वणव्यात गेली असेल, तर शोभेच्या झाडांच्या नर्सरीत खेपा घालू नका. पुणे शहराच्या पश्चिमेच्या या रोपवाटिकेत मुरमात, कमी पाण्यावर तगणारी झाडं मिळतात: करवंद, निर्गुडी, हिवर, खैर, मेडशिंगी, गणेर. शिवाय माती धरून ठेवणाऱ्या वाळा गवताचे ठोंब.

करवंद आणि निर्गुडी झकास. वाळाही ताजा, पात वीतभर ठेवून छाटलेली, मुळं ओल्या गोणपाटात. तो उताराला आडव्या ओळीत लावायचा, दोन ठोंबांत ४ ते ६ इंच. विरळ लावला की फटीतून माती वाहते.

खैराचं मात्र बघून घ्या. पुढच्या रांगेतली रोपं पुरुषभर उंच आणि पिशवी ५ बाय ७ इंचाची! सोटमूळ तळाशी वेटोळं घालून बसलेलं असतं. पावसाळ्यात असं रोप हिरवंगार दिसतं, पण मूळ खोल जात नाही आणि उन्हाळ्यात ते वाळतं. पिशवीच्या भोकांतून जाड मूळ बाहेर आलेलं दिसलं की ते रोप नको. हातभर उंचीची मागच्या रांगेत आहेत, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत.

सल्ला अर्धवट. पळस, बोर नव्यानं घ्यायला सांगतात, पण जळलेले पळस-बोर बहुधा बुडातून फुटतात. जुलैपर्यंत थांबा, खुंट उपटू नका. माती त्यांच्याच मुळांनी धरलेली असते. गिरिपुष्पाचा आग्रहही मोडून काढा. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड पुण्याच्या टेकड्यांवर आधीच उदंड आहे.

जळक्या जमिनीवर तांब्याभर पाणी ओतून बघा. मण्यांसारखं घरंगळलं, तर खड्ड्याभोवतीची वरची २ इंच माती कुदळीनं हलवा; सगळा उतार उकरलात तर पहिल्याच पावसात माती खाली. खड्डा दीड फुटी, आळ्याचा बांध खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा. लागवड दुसऱ्या चांगल्या पावसानंतर.

रोपांबरोबरच्या चिठ्ठीत वाळक्या गवताचं आच्छादन सांगितलंय. पावसाळ्यात ठीक, पण जानेवारीत ते काढून दगड रचा, नाहीतर पुढचा वणवा थेट बुंध्याशी.

रोपं घरपोच देतात, म्हणजे टेम्पो रस्त्यापर्यंत. पिशव्या वर चढवायला माणसं आपली.