कांसेवरचा पादचारी-सायकल पूल: लोखंडकाम फक्कड, टोकं कच्ची

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपनं बडोद्यात दोन सोसायट्यांमधल्या कांसेवर (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यावर) १८ मीटर लांब, २.५ मीटर रुंद पूल बसवला आहे. असंच काम कुणाला द्यायचं असेल, तर लोखंडासाठी हे लोक बिनधास्त निवडा. बाकीच्या गोष्टी मात्र वर्क ऑर्डरमध्ये लिहूनच घ्या.

चौकोनी पोकळ नळ्यांचा ट्रस, म्हणजे पुलाचा सांगाडा, ९-९ मीटरच्या दोन तुकड्यांत आला आणि जागेवर एम-२० (२० मि.मी. जाडीच्या), ८.८ या भक्कम ग्रेडच्या बोल्टनी जोडला. हे बरोबर केलं. जागेवर वेल्डिंग केलं की गंज रोखायला चढवलेलं तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो. नळ्यांना व्हेंटची, म्हणजे हवा निघायची, भोकंही आधीच पाडलेली होती. बंद नळी ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवली, तर आतली हवा आणि ओल तापून ती फुटते. बिल किलोच्या भावानं असतं, म्हणून माल काळा, म्हणजे जस्त चढवण्याआधीचा, असतानाच काट्यावर घाला; ४ मि.मी. नळीला आतून-बाहेरून जस्त चढलं की वजन तीन-चार टक्के वाढतं.

घोळ आहे तो टोकांना. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत लोखंडाच्या तापमानात ४५ अंशांचा फरक धरला, तर १८ मीटरला जवळपास १० मि.मी. हालचाल होते. एक टोक पक्कं, दुसरं सरकतं हवं: लांबट भोक, खाली निओप्रीन रबराचा पॅड, नट बेताचा आणि वर लॉकनट. इथं दोन्हीकडचे नट करकचून आवळले होते, त्यामुळे बेसप्लेटखालचा ग्राउट (भरलेला सिमेंटचा मसाला) तडकला. दुरुस्ती करून दिली, पण सांगावं लागलं.

चालायच्या तळाला चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला लोखंडी पत्रा) सुचवतात. स्वस्त आहे, पण पावसात सायकल घसरते आणि रात्री खडखडाट. वर वाळू चिकटवलेली एफआरपी (फायबरग्लास प्लास्टिकची) जाळी घ्या. १०० मि.मी. काँक्रीट टिकाऊ खरं, पण एवढ्या पुलावर ११ टनांहून जास्त ओझं वाढतं; डिझाइन त्या हिशेबानं आधीच हवं. माणसांची गर्दी चौरस मीटरला ५०० किलो धरतात, म्हणजे साडेबावीस टन, तेही त्यातच मोजायचे.

उंची ठरवताना कोरड्या कांसेकडे बघू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याची विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३७ फुटांपर्यंत गेली. अशा वेळी कांसेचं पाणी नदीत न जाता उलटं फिरतं. कंपाउंडच्या भिंतीवरची तेव्हाची खूण मापा, पुलाचा तळ तिच्या निदान ६०० मि.मी. वर, आणि मध्ये खांब नको. झाडझाडोरा तिथंच अडकतो.

पूल १.२ मीटर उचलला की १:१२ उताराला १४.४ मीटर रॅम्प लागतो. सायकलवाल्यांना तो चढता येतो, वयस्करांना नाही. जागा असेल तर १:२०, म्हणजे २४ मीटर. कठडा १.४ मीटर घ्या, सायकलस्वाराचा तोल उंचावर असतो. बोलार्ड (वाट अडवणारे बुटके खांब) १.५ मीटर अंतरावर लावले की मोटारी थांबतात. ऍक्टिव्हा कशानंच थांबत नाही!

जाळीच्या क्लिपा पहिल्या पावसाळ्यात सैल पडतात. त्या आवळून देईपर्यंत बिलाचे शेवटचे दहा टक्के हातात ठेवा.